आप्पांच्या पिंपळावरचा करपा

माझे सासरे पोपट आप्पा किती रागीट आहेत हे दौंडमध्ये कुणालाही विचारा. भाजी बाजारात, बँकेच्या रांगेत, दळणाच्या गिरणीवर, जिथे जिथे ते गेले तिथे एकदा तरी भांडण झालेलं आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही. या घरात सून म्हणून आल्यापासूनची निम्मी वर्षं मी त्यांच्या रागाला घाबरण्यात घालवली आणि उरलेली त्यांच्यावर रागावण्यात. आता तर सासूबाई म्हणतात, "रश्मी, तू ह्यांच्यावरच गेलीस गं." रक्ताचं नातं नसताना माणूस माणसावर जातो तो असा.

आप्पा मूळचे मांडवगण फराट्याचे. त्यांच्या बापापर्यंत घरात गावकीची कामं होती, मेलेलं ढोर ओढण्यापासून सगळी. दीक्षा घेतल्यावर आप्पांच्या आईने, गिताबाईंनी, नवऱ्याला ती कामं सोडायला लावली आणि वस्तीतल्या पत्र्याच्या छपराच्या विहारापुढे पिंपळाचं रोप लावलं. बहात्तरच्या दुष्काळात घरात प्यायला पाणी नव्हतं, तेव्हाही ती बाई नदीतल्या झऱ्यातून कळशी भरून आणायची आणि त्यातलं तांब्याभर आधी झाडाला घालायची. आप्पा तेव्हा शाळकरी पोरगे होते. तहानेने रडणारी पोरं घरात आणि पाणी झाडाला, यावरून त्यांच्या बापाने आईला मारलंही होतं. पण झाड जगलं. त्याच्या सावलीत पुढे वस्तीतली लग्नं लागली, भांडणं मिटली, आणि आप्पा रेल्वेच्या भरतीचा अभ्यास करत बसले तेही तिथेच.

रेल्वेत ते गँगमन म्हणून लागले आणि पुढे कीमन झाले. पहाटे खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेने मैलोनमैल चालायचं आणि रूळ धरून ठेवणारी चावी सैल झालेली दिसली की ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. सैल दिसलं की ठोकायचं ही सवय मग त्यांना माणसांच्या बाबतीतही लागली. सगळ्यात जास्त ठोकलं त्यांनी अंधश्रद्धेला. माझ्या नवऱ्याने, संघर्षने, पहिली मोटरसायकल घेतली तेव्हा सासूबाईंची बहीण साखरबाई हौसेने लिंबू-मिरची बांधून गेली. आप्पांनी ते लिंबू सोडलं, विळीवर चिरलं, पिळून सरबत केलं आणि साखरबाईसकट सगळ्यांना पाजलं. मिरच्या ठेच्यात घातल्या. वर विचारलं, "आता बगू कुणाचं काय वाकडं हुतंय." साखरबाई पुढे दोन दिवाळ्या आमच्याकडे फिरकली नाही.

असा हा माणूस. आणि त्याच माणसाने एका झाडापायी मला किती छळलं ते सांगायला मी बसले आहे.

रस्ता रुंद करायचा म्हणून मांडवगणचा पिंपळ पाडला. कुणी विचारलं नाही की कुणी कळवलं नाही. ठेकेदाराची माणसं सकाळी करवत घेऊन आली आणि दुपारपर्यंत खोड ट्रॉलीत चढलं. वस्तीतली माणसं तेव्हा कामावर होती, आणि जी घरात होती ती बघत बसली. आप्पा संध्याकाळी पोचले तेव्हा तिथे बुंधा आणि भुसा एवढंच उरलं होतं. त्यांनी ठेकेदाराला गाठून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला तरी त्यातला एकही शब्द जास्त वाटला नाही. मग त्यांना विहाराच्या भिंतीच्या भेगेत वीतभर रोप दिसलं. त्याच पिंपळाचं बी, पाखराने टाकलेलं. मुळं तुटू नयेत म्हणून त्यांनी भिंतीची वीट खरवडून काढली आणि रोप विटेच्या तुकड्यासकट रंगाच्या रिकाम्या बादलीत लावून एसटीने दौंडला आणलं. आख्ख्या प्रवासात बादली मांडीवर होती.

गावात नवं विहार जरा आतल्या जागेवर उभं राहत होतं. कंपाउंड झालं नव्हतं आणि वस्तीच्या आजूबाजूला शेळ्या-मेंढ्या मोकळ्या. म्हणून ठरलं, भिंत होईपर्यंत रोप आप्पांनी सांभाळायचं आणि मग वैशाख पौर्णिमेला विहारापुढे लावायचं. आप्पांनी विहाराच्या कमिटीला तसा शब्द दिला. आईच्या झाडाचा तेवढा एकच अंश उरला होता. तो मेला असता तर पुन्हा आणायचा कुठून?

आमचं घर पहिल्या मजल्यावर, यार्डाच्या अंगाला. मालगाड्यांची धूळ येते म्हणून पुढच्या खोलीची खिडकी कायम बंद. त्या खोलीत, बुद्धमूर्तीच्या शेजारी, बादली बसली. आप्पांनी सलूनवाल्याकडून फवाऱ्याची बाटली मागून आणली आणि रोज संध्याकाळी वंदना झाली की पानापानावर पाणी मारायचे. रोप वाढलं, कमरेला लागलं. पानं अशी तुकतुकीत की येणारा माणूस आधी झाडाला हात लावायचा, मग आम्हाला जय भीम करायचा.

दुसऱ्या पावसाळ्यात पानांवर तपकिरी ठिपके आले. ठिपक्याभोवती पिवळी कडा. ठिपका पसरायचा, मधला भाग वाळून भोक पडायचं आणि पान गळायचं. आप्पा रागावले. आधी धुळीवर, मग सासूबाईंच्या फोडणीच्या धुरावर, मग माझ्यावर, कारण मी झाडाजवळ ओला टॉवेल वाळत घातला होता. शेवटी ते एक पान रुमालात गुंडाळून जयसिंगच्या कृषी सेवा केंद्रात गेले. जयसिंगने बघताक्षणी सांगितलं, "आप्पा, करपा हाय. बुरशी. तांब्याची पावडर देतो, लिटरला दोन-अडीच ग्रॅम, फवारा आठ-दहा दिसांनी."

पिंपळाला करपा म्हटल्याचाच आप्पांना राग आला. करपा कांद्याला येतो, टोमॅटोला येतो. तरी फवारलं. झाड गॅलरीत नेऊन, तोंडाला फडकं बांधून, व्यवस्थित फवारलं. आठवडाभर बरं वाटलं, मग नवीन पानावर पुन्हा ठिपके. आप्पा जयसिंगच्या दुकानात उभे राहून भरल्या गिऱ्हाइकांत म्हणाले, "पावडर भेसळीची हाय तुझी." जयसिंगने दुसरी पुडी फुकट दिली आणि हात जोडले. दुसऱ्या पुडीनेही तेच. गौरी-गणपतीच्या सुमारास झाड निम्मं उघडं पडलं.

मी दूध डेअरीच्या लॅबमध्ये काम करते. टँकरमधलं एक कॅन नासकं निघालं तर सगळा टँकर वाया जातो, हे मी रोज बघते. त्यामुळे माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. औषध लागू पडतंय, आठ दिवस टिकतंय, मग रोग परत येतो कुठून? एका रविवारी आप्पा बाजारात गेल्यावर मी बादलीत डोकावले. बुंध्याभोवती पानांचा थर होता, चांगला बोटभर जाडीचा. दोन वर्षांत गळलेलं प्रत्येक पान आप्पांनी तिथेच ठेवलं होतं, देठ आत आणि टोक बाहेर, गोल रांगोळीसारखं. त्यावर रोज संध्याकाळी पाणी पडत होतं. बंद खोलीत ते कधी सुकत नव्हतं. वरच्या पानांवर काळी बारीक टिंबं उगवली होती. सगळा रोग त्या थरात नांदत होता, आणि आम्ही वरून फवारत होतो.

आप्पा आले तेव्हा मी सरळ सांगितलं, "आप्पा, ही गळलेली पानं काढून टाकावी लागतील. झाडावरची डागाळलेलीही कापायची. आणि संध्याकाळचं पाणी बंद."

"टाकावी?" ते पिशवी खाली न ठेवताच म्हणाले. "बोधीचं पान टाकत्यात व्हय? आजवर ह्या घरातनं एक पान बाहेर गेलं न्हाई."

"म्हणूनच रोग बाहेर गेला नाही."

"माझ्या आयनं कवा पिपळाचं पान तुडवू दिलं न्हाई आमाला. येचून पोथीत ठिवायची. आन् तू कचऱ्यात घालाया निगालीस?"

मग माझीही सटकली. मी म्हणाले, "लिंबाचं सरबत केलंत ना तुम्ही? साखरमावशीला पाजलंत. तिची श्रद्धा ती अंधश्रद्धा आणि तुमचं पान ते पान? बुरशीला कळतं का हे बोधीचं पान आहे म्हणून?"

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आप्पांचे कान लाल झाले होते. मला वाटलं आता पिशवी फेकून मारतात. पण त्यांनी ती नीट ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "उद्यापासनं माझ्या ताटात तू वाढायचं न्हाई."

आणि खरंच नाही वाढू दिलं. घरात एकच चूल आणि तिच्यावर हे असलं सोवळं. मी वाढलेलं ताट ते तसंच सरकवायचे आणि सासूबाईंनी दुसरं वाढायचं. ज्या माणसाने एका गावच्या हॉटेलात वेगळा कप पुढे केला म्हणून कपाट उलथवलं होतं, तो सुनेच्या हातचं ताट सरकवत होता. मी आतून पेटले होते. संघर्ष कारखान्याची शिफ्ट करून यायचा आणि म्हणायचा, "जाऊ दे गं, म्हातारं हाय." मी त्याला सांगितलं, म्हातारा आहे म्हणून सोडायचं तर मग त्यांच्याशी कुणी माणसासारखं भांडायचं की नाही?

थंडी संपता संपता झाडावर पाच-सहा पानं उरली. तीही डागाळलेली. आणि गावाहून निरोप आला की कंपाउंड पुरं झालं, पौर्णिमेला रोप घेऊन या. तो फोन आप्पांनी स्पीकरवर घेतला होता. फोन ठेवून ते बादलीसमोर बसले आणि उरलेली पानं एकेक उलटून बघू लागले. दुसऱ्या दिवशी मी कामावर निघाले तर दारात अडवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या लॅबात स्पिरिट असतंय ना? येताना घिऊन ये. आन् ब्लेड बी."

त्या संध्याकाळी आम्ही बादली गॅलरीत घेतली. मी सांगत गेले आणि ते करत गेले. पान कापलं की ब्लेड स्पिरिटने पुसायचं, मग पुढचं. पहिलं पान कापताना त्यांनी ब्लेड असं धरलं की मला वाटलं बोट कापून घेतात. मी म्हणाले, द्या मी करते. "गप," म्हणाले. प्रत्येक पानाला ते एक शिवी देत होते. ठेकेदाराला एक, वस्तीत बघत बसलेल्यांना एक, जयसिंगला एक, मलाही एक दिली असावी, नीट ऐकू आली नाही. मग बुंध्याभोवतीचा थर त्यांनी मुठीमुठीने उपसला, वरची माती खरवडून काढली आणि नवी भरली. सासूबाई हळूच म्हणाल्या, "एक तरी पान ऱ्हाऊ द्या की, आत्याबायची आठवण." त्यावर ते असे खेकसले की खालच्या मजल्यावरची बाई गॅलरीत आली. "आठवणच तर मारतीया त्याला, पारू."

सगळी पानं त्यांनी खाली नेऊन पत्र्याच्या डब्यात पेटवली. ओली पानं पेटता पेटत नव्हती, नुसता धूर. आप्पा त्या धुरात उभे होते आणि डोळे पुसत होते. धुराने पुसत होते असं मी म्हणणार नाही. ते रडत होते. वर आल्यावर त्यांनी हात धुतले, जेवायला बसले आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. मी वाढलं. खरं सांगायचं तर माझा राग तेव्हाही पुरता गेला नव्हता.

त्यानंतर पाणी सकाळी, तेही फक्त बुडाशी. खिडकी दिवसभर उघडी, धूळ आली तर येऊ दे. जयसिंगची पावडर ठरल्या दिवशी. फवाऱ्याची बाटली सलूनवाल्याला परत. होळीनंतर काठीच्या डोळ्यांतून तांबूस कोंब फुटले आणि पौर्णिमेपर्यंत तीन पानं उमलली, पातळ, लालसर आणि स्वच्छ. काठी आणि तीन पानं. आप्पा ते रोज भिंगाने तपासायचे.

पौर्णिमेला आम्ही रोप घेऊन मांडवगणला गेलो आणि मंडपात पाऊल टाकताच माझ्या अंगाची लाहीलाही झाली. विहारापुढे, मधोमध, आधीच खड्डा खणलेला. बाजूला नर्सरीतून आणलेला डोक्याएवढ्या उंचीचा पिंपळ, निळी रिबीन बांधलेला. कमिटीचे अध्यक्ष आण्णा, नात्याने आप्पांचे चुलतभाऊच, घाईत होते. तालुक्याहून पाहुणे येणार होते.

"पोपट, तुझं रोप जरा लहान हाय रं," आण्णा म्हणाले. "फोटूत काय दिसायचं? पावण्यांच्या हातनं हे मोठं लावू, तुझं लावू की मागं टाकीपाशी." आणि कुणीतरी आमची बादली उचलून चपलांजवळ नेऊन ठेवली.

गिताबाईंच्या झाडाचं रोप चपलांपाशी. मी तोंड उघडणार तेवढ्यात आप्पांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता हे मंडप डोक्यावर घेतात. पण ते आण्णांकडे बघतच नव्हते. नर्सरीच्या झाडाकडे बघत होते. जवळ गेले, चष्मा वर केला आणि एक पान उलटं केलं. तपकिरी ठिपके. भोवती पिवळी कडा.

"आण्णा, ह्याला करपा हाय. हे आत्ता लावू नगा. शेजारी माझं रोप टिकायचं न्हाई."

"आजच्या दिवशी काय अपशकुनी बोलतोस रं," आण्णा म्हणाले. अपशकुनी! आमच्या विहारात, आमच्या माणसाच्या तोंडून हा शब्द. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली.

झाड लागलं, फोटो निघाले, पाहुणे गेले. लावताना हलवल्याने दहा-पंधरा पानं गळली होती आणि बायका-पोरं ती वेचत होती. कुणी कपाळाला लावत होतं, कुणी पर्समध्ये, कुणी मोबाईलच्या कव्हरमध्ये. आणि दोन बायका चांगल्या मनाने चपलांपाशी जाऊन आमच्या बादलीतही एकेक पान ठेवत होत्या, देठ आत, टोक बाहेर.

आप्पा तीरासारखे गेले. बादलीतली पानं उचलली, खिशातून ब्लेड काढलं आणि सरळ त्या पाहुण्यांच्या झाडाची डागाळलेली पानं कापायला लागले. एकच गलका झाला. "पोपट, डोकं फिरलं का तुझं?" "बोधीला ब्लेड लावतुय!" आण्णा धावत आले. मी मध्ये उभी राहिले. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, पण आण्णा थांबले. मग मी ओढणीची झोळी केली आणि फिरायला लागले. द्या ते पान. तुमचंही द्या. पोरांच्या हातून ओढून घेतली. बायका मला शिव्या देत होत्या. एकीने माझ्या घराण्याचा उद्धार केला. संघर्ष लांब उभा होता, मग तोही आला आणि मोबाईलची कव्हरं उघडायला लावू लागला.

आप्पांनी स्वयंपाकाच्या चुलाणातला निखारा घमेल्यात आणला आणि विहाराच्या दाराबाहेर सगळ्यांच्या देखत पानं त्यात टाकली. धूर मंडपात शिरला. कुणीतरी म्हणालं, गिताबाई असती तर हिथंच पडून मेली असती. आप्पा घमेल्यातली पानं काडीने उलटत राहिले.

एकच पान राहिलं होतं. ते सोजरबाईंकडे होतं. दुष्काळात गिताबाईंबरोबर कळशी घेऊन नदीवर जाणारी ही बाई, आता पार वाकलेली. पान पदरात घट्ट धरून ती मंडपाच्या खांबाला टेकून बसली होती. मी तिच्यापुढे गेले आणि माझा हातच पुढे होईना. आप्पा आले, तिच्यासमोर उकिडवे बसले.

"मावशी, द्या."

"न्हाई देत. गिताच्या झाडाचं हाय."

"गिताचं झाड त्या बादलीत हाय, मावशी. मी त्याची पानं माझ्या हातानं जाळली. हातानं जाळली तवा कुठं जगलं."

सोजरबाईने चपलांपाशी ठेवलेल्या त्या तीन पानांच्या काठीकडे बघितलं. मग आप्पांकडे. आप्पांनी हात तसाच पुढे धरून ठेवला होता. तिने आधी त्यांना आईवरून शिवी दिली आणि मग पान दिलं.